जोडीने करावयाची एक गोष्ट

आपल्या घरांतून 'जोडीने' या शब्दाला फार मोठा मान आहे. सत्यनारायणाला पतिपत्नी जोडीने बसतात, वडीलधाऱ्यांच्या पाया जोडीने पडतात, आणि पत्नी हयात नसेल तर कनवटीला सुपारी खोचून का होईना, पण यजमानाची जोडी पुरी केली जाते. संसारातील कोणतेही शुभकार्य एकट्याने पुरे होत नाही अशी आपली समजूत आहे, आणि ती काही वाईट नाही. पण एक काम असे आहे की, जे खरोखर जोडीने करावयास हवे आणि जे आपण बहुधा एकट्या बाईवर सोपवून मोकळे होतो. ते काम म्हणजे एच. आय. व्ही.ची रक्ततपासणी.

हे नाव वाचताच काही वाचक कपाळाला आठी घालतील, हे मी जाणून आहे. गाण्याच्या बैठकी, नाटके आणि पुस्तके यांच्यासाठी राखलेल्या या पानावर असला विषय कशाला, असेही कोणी विचारील. मला वाटते, लग्नाच्या वेळी काय विचारावे, काय विचारू नये, नवराबायकोने एकमेकांशी कोणत्या गोष्टी बोलाव्यात आणि कोणत्या मनात ठेवाव्यात, हे सारे संस्कृतीच ठरवीत असते. तेव्हा या विषयाची जागा येथेच आहे.

मी गेली वीसबावीस वर्षे बडोद्यातील मराठी मंडळींची लग्ने जुळवण्याच्या कामात थोडाफार हातभार लावीत आले आहे. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात किंवा आता नव्या वस्त्यांतून पसरलेल्या आपल्या कुटुंबांत मुलगी दाखवण्याचा थाट गेला, कांदेपोह्यांच्या जागी हॉटेलातली कॉफी आली. पण चौकशीचा सोस तसाच आहे. गोत्र विचारतात, नाडी पाहतात, मंगळ पाहतात, पगार विचारतात, परदेशी जाण्याचा विचार आहे का ते विचारतात. रक्ताचाही प्रश्न निघतो, पण तो रक्तगटाचा. दोघांचा गट एकच असला की एकनाड, आणि मग मूल होत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. तिला वैद्यकशास्त्रात काही आधार नाही. मी स्वतः अशी चांगली स्थळे केवळ गट सारखा निघाल्यामुळे परत गेलेली पाहिली आहेत. ज्या रक्तात काही भय नाही त्याची आपण चौकशी करतो, आणि जी चौकशी खरोखर उपयोगाची ती तोंडातूनही काढीत नाही.

लग्नानंतर काय होते? सरकारी योजनेप्रमाणे प्रत्येक गरोदर स्त्रीला इतर तपासण्यांबरोबर एच. आय. व्ही.च्या तपासणीविषयीही सांगितले जाते, आणि हे अगदी योग्य आहे. आईला लागण असली आणि औषध मिळाले नाही, तर बाळाला लागण होण्याचा संभव शंभरात १५ ते ४५ इतका असतो. औषधोपचार वेळेवर सुरू झाला तर तो ५ च्या खाली आणता येतो. एका तपासणीने एवढे साधत असेल, तर ती कोण नाकारील? परंतु याचा एक परिणाम असा झाला आहे की, पुष्कळ घरांतून ही तपासणी सर्वांत आधी, आणि कित्येकदा फक्त, सुनेचीच होते. यजमानांचे रक्त तपासण्याचे कारणच घडत नाही. आणि जिची तपासणी आधी, तिच्यावरच आळ, असा आपल्या समाजाचा न्याय आहे.

काही वर्षांपूर्वी एक तरुण मुलगी माझ्याकडे आली होती. तिचे लग्न मी जुळवले नव्हते; आमच्या मंडळात येणाऱ्या एका ओळखीच्या बाई तिला घेऊन आल्या होत्या. पाचव्या महिन्यात तपासणी झाली आणि लागण असल्याचे निघाले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "हे तुझ्या माहेरचे." आठ दिवसांत तिची पेटी भरली गेली. नवऱ्याला दवाखान्यातून तीन वेळा निरोप गेला, "मला काय झाले आहे?" असे म्हणून तो गेला नाही. मुलगी धीराची होती. तिने औषधे नियमाने घेतली, बाळंतपण माहेरी झाले, आणि मूल दीड वर्षाचे झाल्यावर जी अखेरची तपासणी करतात तीत ते निरोगी ठरले. मध्यंतरी नवरा सारखा आजारी पडू लागला, तेव्हा कोठे त्याची तपासणी झाली. त्यालाही लागण होती, आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याहून पुष्कळच खाली गेलेली होती.

ही हकीकत ऐकणारे सारे लगेच विचारतात, "मग आधी कोणाला झाला होता?" या प्रश्नाचे उत्तर नेहमीच्या तपासणीला देता येत नाही. ती एवढेच सांगते की लागण आहे किंवा नाही. ती केव्हा झाली आणि कोणाकडून आली, हे त्या काचपट्टीवर उमटत नसते. त्या नवऱ्याची ढासळलेली प्रकृती पाहून कोणी तर्क करील, पण तर्क तो तर्कच. मला त्या घराविषयी वाईट वाटते ते निराळ्याच कारणाने. पाचव्या महिन्यातच दोघे एकत्र बसले असते, दोघांचे रक्त एकाच दिवशी तपासले गेले असते, तर आळ घेण्यास जागाच राहिली नसती, आणि त्या माणसाला औषध कितीतरी महिने आधी सुरू झाले असते. तपासणी टाळून त्याने बायकोवर अन्याय केला आणि स्वतःचेही हित पाहिले नाही.

या बाबतीत शिकल्यासवरल्या घरांतूनही एक मोठी गैरसमजूत आहे. 'यांची तपासणी झाली आहे, काही निघाले नाही, म्हणजे माझेही रक्त चांगले,' असे बायका म्हणतात. 'हिचे बाळंतपणात तपासले होते, ठीक होते, म्हणजे मीही ठीक,' असे पुरुष म्हणतात. या दोन्ही गोष्टी चूक आहेत. नवराबायको एका ताटात जेवली, एका छपराखाली वीस वर्षे राहिली, तरी रक्ते दोन आहेत. एकाला लागण असताना दुसऱ्याला ती वर्षानुवर्षे न झाल्याची उदाहरणे मुळीच दुर्मिळ नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली जोडप्यांच्या तपासणीविषयी ज्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत असे नमूद आहे की, लागण असलेल्या आणि जोडीदारासह राहणाऱ्या माणसांपैकी निम्म्यांपर्यंत लोकांचा जोडीदार लागणीपासून मुक्त असू शकतो. याचे कारण असे की, स्त्रीपुरुष संबंधात प्रत्येक वेळी लागण होतेच असे नाही. लागण झालेल्याच्या रक्तात विषाणू किती आहेत, दुसऱ्याला काही जखम किंवा अन्य गुप्तरोग आहे का, निरोध वापरला जातो का, अशा अनेक गोष्टींवर ते अवलंबून असते. म्हणजे एकाचा कागद दुसऱ्याला लागू पडत नाही. आणि एकाला लागण निघाली म्हणून दुसऱ्याने 'आता काय, झालेच असेल' म्हणून हातपाय गाळण्याचेही कारण नाही. उलट त्याच वेळी दुसऱ्याला वाचवता येण्यासारखे पुष्कळ असते.

जोडीने तपासणी करण्याची ही कल्पना प्रथम पद्धतशीरपणे राबवली गेली ती फार दूर, आफ्रिकेतील रवांडा देशाच्या किगाली या राजधानीत. सुझन ॲलन या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९८६ साली तेथे काम सुरू केले. त्या काळी औषध नव्हते. निदान झाले तरी डॉक्टरला सल्ल्यापलीकडे फारसे काही देता येत नव्हते. अशा वेळी नवरा आणि बायको या दोघांना एकत्र बोलावून, दोघांचे रक्त तपासून, दोघांना एकाच खोलीत एकाच वेळी निकाल सांगावयाचा आणि पुढे कसे वागावयाचे ते समजावून द्यावयाचे, असा तो प्रघात होता. एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही अशी जी जोडपी निघाली, त्यांत निरोध वापरणारी जोडपी आधी शंभरात अवघी ४ होती; वर्षभरात ती ५७ झाली. हा हिशेब १९९२ साली प्रसिद्ध झाला. नवा डॉक्टर नाही, नवे औषध नाही; फक्त दोघांना एकदम कळले आणि दोघांनी मिळून ठरवले, एवढ्याने हा फरक पडला.

१९९४ च्या भीषण नरसंहाराने किगालीतील ते काम विस्कटले, पण ॲलनबाईंनी त्याच वर्षी शेजारच्या भागातील झांबियाच्या लुसाका शहरी तसेच काम उभे केले. पुढे २००८ साली या दोन्ही शहरांतील माहितीवरून एक लेख प्रसिद्ध झाला. स्त्रीपुरुष संबंधातून होणाऱ्या नव्या लागणींपैकी निम्म्याहून अधिक तेथे विवाहित किंवा एकत्र राहणाऱ्या जोडप्यांतच होत आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. 'हा रोग बाजारातला, घरंदाज माणसांचा याच्याशी काय संबंध?' असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. घर हेच जर रोग शिरण्याचे दार असेल, तर त्याची राखणही घरातल्या दोघांनीच करावयास हवी.

आपल्या देशात या रोगाचा पहिला सुगावा १९८६ साली चेन्नईत लागला. त्या शोधाशी एका मराठी घराण्याचे नाव जोडलेले आहे, आणि परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना ते माहीत असावे म्हणून येथे सांगते. डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. त्यांचे वडील चामड्याच्या व्यापारात होते आणि घर चेन्नईत स्थिरावलेले. त्यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला हा विषय दिला. निर्मलाबाईंनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि ते वेल्लोरला तपासले गेले. त्यांतून भारतात हा विषाणू आल्याचे प्रथम सिद्ध झाले. तो काळ असा होता की, रोग्याला हात लावण्यास डॉक्टर भीत. सुनीतीबाईंनी सरकारी नोकरीनंतर १९९३ साली वडिलांच्या नावाने संस्था काढली आणि आयुष्यभर या रोग्यांवर उपचार केले. २०१५ साली त्या वारल्या. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

माझ्या व्यवसायबंधू म्हणून मला त्यांचे एक काम विशेष जवळचे वाटते. त्या आपल्या रोग्यांची लग्ने जुळवीत! लागण असलेल्या तरुणतरुणींनाही घर हवे असते, सोबत हवी असते, आणि आईवडिलांचा लग्नाचा तगादा तर सुटत नाहीच. तेव्हा या बाई शिक्षण, मिळकत, धर्म आणि आवडीनिवडी पाहत, तसे रक्तातील विषाणूंचे प्रमाण आणि प्रतिकारशक्तीचा आकडाही पाहत, आणि मग स्थळ सुचवीत. या त्यांच्या उद्योगावर पुढे एक बोलपटही निघाला. दोन्ही बाजूंना सर्व ठाऊक असताना झालेले लग्न आणि एका बाजूने दडवून केलेले लग्न, यांतील कोणते सुखाचे होईल हे सांगावयास पंचांग नको.

निदानानंतर काय, हा प्रश्न त्या काळी भयंकर होता. आज तसा राहिलेला नाही. २००४ च्या एप्रिलपासून आपल्या सरकारने या रोगावरील औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला, आणि २०१७ पासून निदान होताच, प्रकृती कितीही चांगली असली तरी, उपचार सुरू करावेत असे धोरण आहे. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती जन्मभर घ्यावी लागते हे खरे. पण मधुमेहाची आणि रक्तदाबाची गोळी आपल्यापैकी कितीजण जन्मभर घेतच आहेत!

या गोळीने आणखी एक मोठे काम केले आहे, आणि जोडप्यांच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही अशी १,७६३ जोडपी नऊ देशांतून घेऊन एक मोठा प्रयोग करण्यात आला. त्यात आपल्याकडील चेन्नईची जोडपी होती, तशी पुण्याचीही होती. २०११ साली त्याचा पहिला निष्कर्ष जाहीर झाला. उपचार लवकर सुरू केले, तर जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण शंभरात ९६ नी घटते, असे त्यात दिसून आले. पुढील वर्षांतील निरनिराळ्या अभ्यासांतून हेही पक्के झाले की, नियमित औषधाने रक्तातील विषाणू मोजमापाच्या खाली गेले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. अशी जोडपी आज संसार करीत आहेत, त्यांना निरोगी मुले होत आहेत. पण औषध सुरू व्हावयास निदान हवे, आणि निदान व्हावयास तपासणी हवी. एकट्यानेच गुपचूप तपासून घेतलेल्या माणसाला ती रोजची गोळीही चोरून घ्यावी लागते. डबीवरचे कागद फाडावे लागतात, दवाखान्याची तारीख 'ऑफिसचे काम' म्हणून सांगावी लागते. चोरून घेतलेले औषध कधी ना कधी चुकते. दोघांना ठाऊक असले म्हणजे "गोळी घेतली का?" असे विचारणारे माणूस घरात असते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मानाचा. "चला, तपासून घेऊ" असे बायको म्हणाली तर तिने नवऱ्यावर संशय घेतला, आणि नवरा म्हणाला तर त्याच्याच मनात काही पाप आहे, अशी ही कोंडी आहे. एकाने दुसऱ्याला धाडावयाचे म्हटले की तिच्यात अडकायला होते. दोघांनी मिळून जावयाचे म्हटले की कोणी कोणाची परीक्षा घेत नाही. शिवाय ही लागण होण्याची वाट एकच नाही. दूषित सुईने, न तपासलेल्या रक्ताने, जन्मतःच आईकडूनही ती होऊ शकते. लग्नाआधीच्या आयुष्यातले काही असू शकते, जे त्या माणसाला स्वतःलाही ठाऊक नसते. कारण लागण झाल्यावर कित्येक वर्षे माणूस धडधाकट दिसतो. तपासणी ही चारित्र्याची परीक्षा मानणे हाच मुळात घोटाळा आहे.

दुसरा आक्षेप असा की, मग सरकारने लग्नापूर्वी ही तपासणी सक्तीचीच का करू नये? पुष्कळ सज्जन मंडळी तळमळीने हे म्हणतात. हा प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १९८८ च्या जानेवारीपासून विवाहपरवान्यासाठी ही तपासणी सक्तीची केली. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ७०,८०० माणसांच्या तपासण्या झाल्या आणि त्यांतून लागण असलेले निघाले अवघे आठ. त्या राज्यातले विवाहपरवाने मात्र पाचव्या हिश्श्याहून अधिक घटले, कारण जोडपी सरळ शेजारच्या राज्यात जाऊन लग्ने लावू लागली! १९८९ साली तो कायदा मागे घ्यावा लागला. आपल्या बडोद्याला हा अनुभव नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहाविरुद्ध कायदा केला; तो मोठ्या दूरदृष्टीचा होता, पण दंड भरूनही अशी लग्ने पुष्कळ काळ होतच राहिली. महाराज शाळा आणि ग्रंथालये काढीत राहिले, लोकांची मने बदलू लागली, तेव्हा कायद्याला बळ आले. सक्तीने आणलेला माणूस पळवाट शोधतो. समजून आलेला जोडीदाराला बरोबर घेऊन येतो.

तिसरा आक्षेप, किंवा खरे म्हणजे भीती, बोभाट्याची. ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाच्या बाबतीत जे घडले ते अनेकांना आठवत असेल. हा तरुण नियमाने रक्तदान करणारा. त्याच्या रक्तात लागण आढळताच त्या वेळच्या कायद्याखाली त्याला पकडून ६४ दिवस एकांतात ठेवण्यात आले. रोगी हाच गुन्हेगार मानणारा तो काळ होता. आज कायदा निराळा आहे. एच. आय. व्ही.विषयीचा २०१७ चा केंद्रीय कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे माणसाला नीट समजावून त्याची संमती घेतल्यावाचून तपासणी करता येत नाही. निकाल गुप्त ठेवण्याचे बंधन आहे. आणि या कारणावरून नोकरी, शिक्षण किंवा उपचार यांत भेदभाव करण्यास मनाई आहे.

याच कायद्यातील एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. काही परिस्थितीत, रोग्याला समजावूनही तो जोडीदाराला सांगत नसेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक ते जोडीदाराला सांगू शकतात. परंतु सांगितल्याने मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, तर सांगू नये असे कायदाच म्हणतो. जोडीने तपासणी करावी असे मी आग्रहाने लिहीत असले, तरी ज्या घरात हात उगारला जातो त्या घरातील बाईला मी असे म्हणणार नाही. तिने एकटीने जावे, आपले मन समुपदेशकापुढे मोकळे करावे, आणि पुढचे त्यांच्या सल्ल्याने ठरवावे. एकट्याने जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. जोडीने जाणे ही दोघांच्या खुशीची गोष्ट आहे, आणि म्हणूनच चांगले केंद्र दोघांना एकत्र बसवण्यापूर्वी प्रत्येकाला क्षणभर एकटे गाठून विचारते, "तुम्ही आपल्या इच्छेने आला आहात ना?"

प्रत्यक्षात काय घडते, हे पुष्कळांना ठाऊक नसते, आणि न पाहिलेल्या गोष्टीचे भय अधिक असते. आपल्या सयाजीराव रुग्णालयात, तसेच जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी रुग्णालयांतून, समुपदेशन व तपासणीचे केंद्र असते. पैसे पडत नाहीत. एका लहानशा खोलीत समुपदेशक, पुष्कळदा एखादी ताई, आधी सगळे समजावून सांगते. मग थोडेसे रक्त घेतात. तासाभराच्या आत, कित्येक ठिकाणी त्याहूनही लवकर, निकाल कळू शकतो. पहिल्या तपासणीत काही आढळले तर तेवढ्यावर शिक्का मारीत नाहीत. तीन निरनिराळ्या प्रकारच्या तपासण्या जुळल्या तरच लागण आहे असे ठरते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. लागण झाल्यावर ती रक्तात दिसू लागण्यास काही आठवडे लागतात. म्हणून नुकताच काही धोका घडला असेल तर तसे सांगावे; तीन महिन्यांनी पुन्हा येण्यास ते सांगतील. दवाखान्यात जाण्यापूर्वी कोणाशी बोलावेसे वाटले, तर १०९७ या क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत आणि नाव सांगावे लागत नाही.

निकाल सांगताना त्या ताईला एक शिकवण असते: 'कोणी आणले' हा प्रश्न त्या खोलीत काढू द्यावयाचा नाही, 'आता दोघांनी काय करावयाचे' एवढेच बोलावयाचे. दोघेही मुक्त निघाले, तर तसेच राहण्याविषयी दोन गोष्टी ऐकून घरी यावयाचे. दोघांनाही लागण निघाली, तर औषध दोघांचे, दवाखान्याची वारी दोघांची. एकालाच निघाली, तर त्याचे औषध लगेच सुरू करावयाचे आणि विषाणू दबेपर्यंत निरोध पाळावयाचा. मूल हवे असेल तर तेही बोलावयाचे. कोणत्याही निकालानंतर काहीतरी करण्यासारखे उरतेच.

असल्या गोष्टी मराठीत उघड लिहिण्याची परंपराही काही आजची नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते एकट्याच्या हिमतीवर चालवले. गुप्तरोग, संततिनियमन आणि पतिपत्नींचे संबंध यांवर ते न लाजता लिहीत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. एका माणसाने समाजाचे टोमणे खाऊन जे बोलून दाखवले, ते आज दोन माणसांनी बंद दाराआड एकमेकांशी बोलणे इतके अवघड असू नये.

तेव्हा आमच्या मंडळात स्थळे घेऊन येणाऱ्या आईवडिलांना मी हल्ली आवर्जून सांगते की, साखरपुड्यापूर्वी मुलामुलीला हा विषय आपसांत बोलू द्या. तुम्ही मध्ये पडू नका, आणि निकालाचा कागद तुम्ही पाहण्याचेही कारण नाही. तो त्या दोघांचा आहे. आणि ज्यांची लग्ने होऊन वर्षे लोटली, त्या पुरुषांना माझी विनंती आहे की पहिला शब्द त्यांनी काढावा. बायकोने काढला तर त्याचा अर्थ निराळा लावला जातो. तुम्ही काढलात तर तिच्या मनावरचे ओझे हलके होते. फार भाषण करावयाचे नाही. घरी दिवस गेले असतील तर पुढच्या तारखेला बरोबर जावे आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून म्हणावे, "हिच्याबरोबर माझेही तपासा." तसे काही नसेल, तर एखाद्या सकाळी, दूधवाल्याचा आणि विजेचा हिशेब चालला असताना, त्याच साध्या आवाजात म्हणावे, "अगं, या शनिवारी जरा वेळ काढ. आपण दोघे दवाखान्यात जाऊन येऊ."